गोव्यातला शाळेचा गणवेश : कापड, माप आणि पाऊस

वास्कोला नव्याने राहायला आलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. यजमान नौदलात. आधी विशाखापट्टणम, मग लोणावळा, आता इथे. मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत. तीन गावांत मुलांचे तीन तऱ्हांचे गणवेश झाले, आणि गोव्यात तर एकाच बसथांब्यावर चार शाळांची मुलं चार रंगांत उभी दिसतात. इतके प्रकार कशासाठी, बदलीच्या नोकरीत कोणता गणवेश सोयीचा, तयार घ्यावा की शिवून, आणि इथल्या पावसाला किती जोड पुरतील, असं त्यांनी विचारलंय.

मी फोंड्यात ३१ वर्षं शाळेचे गणवेश शिवते. त्याआधी बाबांच्या दुकानात काज-बटणं करत होते. कोणती शाळा चांगली हे मी सांगणार नाही, तो माझा विषय नव्हे. कपड्याबद्दल मात्र हातचं काही न राखता सांगते.

प्रकार इतके का, हे आधी. गोव्यातल्या माध्यमिक शाळा बहुतेक खाजगी संस्थांच्या आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या आहेत. गणवेश ज्या त्या संस्थेने ठरवायचा. चर्चच्या शाळांची रीत वेगळी, मराठी शाळा चालवणाऱ्या मंडळांची वेगळी, सरकारी प्राथमिक शाळांची आणखी वेगळी. पोर्तुगीज राजवटीत आमच्याकडे मराठी शाळा देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या उतरण्याच्या जागेत), कुणाच्या तरी ओसरीवर भरत. मुलं घरच्याच कपड्यांत जात. १९६१ ला गोवा मुक्त झाला, १९६३ ला भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. बाबा सांगायचे, त्या काळात त्यांच्याकडे यायचं ते काम एकच, पांढरा सदरा आणि खाकी नाहीतर निळी चड्डी. मुलींना पांढरा ब्लाऊज आणि निळा स्कर्ट. हे कापड कुठल्याही दुकानात ताक्यावर मिळायचं. मोठ्या भावाचा सदरा धाकट्याला चालायचा, मामाच्या गावची शाळा असली तरी चालायचा. गरिबाच्या दृष्टीने याहून चांगला गणवेश मी अजून पाहिलेला नाही.

मग चौकडी आली. चौकडीचे गुण आहेत, नाही म्हणत नाही. शाई, भाजीचा डाग, तांबडी माती तिच्यात लपते. पण प्रत्येक शाळेची चौकडी गिरणीकडून वेगळी विणून घेतलेली असते, म्हणजे ती एकाच दुकानात मिळते. शिवायलाही कापड जास्त जातं. खिसा अंगावरच्या चौकडीशी जुळला पाहिजे, पुढच्या पट्टीवर डावी-उजवी रेघ एका सरळीत आली पाहिजे, म्हणून कापताना तुकडे वाया जातात. आणि पुढच्या वर्षी नवा लॉट आला की रेघ तीच, पण निळा एक छटा गडद. एकाच घरातल्या दोन भावंडांचे शर्ट दोरीवर शेजारी वाळत घातले की लगेच कळतं.

बदलीच्या घरासाठी देशभरचं थोडं सांगते, कारण उद्या तुम्ही कुठे जाल ते तुम्हालाही ठाऊक नाही. पंजाब-हरियाणाकडे मोठ्या वर्गांतल्या मुली सलवार-कमीज आणि ओढणी घालतात. आसाममध्ये हायस्कुलातल्या मुली मेखला-चादर नेसून शाळेत जातात, मणिपुरात फनेक. म्हणजे तिथल्या बायकांचं रोजचं वस्त्रच गणवेश झालं आहे, आणि ते मला फार आवडतं. कारण त्याला मापाची कटकट नाही, मुलगी वाढली तरी वस्त्र तेच. तमिळनाडूत दुपारच्या आहार योजनेतल्या मुलांना सरकार वर्षाला चार जोड देतं. उत्तर प्रदेशात २०१७ साली सरकारी शाळांची खाकी जाऊन तपकिरी पँट आणि चौकडीचा शर्ट आला. डोंगराळ भागात स्वेटर आणि ब्लेझर गणवेशाचाच भाग असतो.

केरळात वलयनचिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेने २०१८ मध्ये मुलगे-मुली सगळ्यांना एकच शर्ट आणि गुडघ्याखाली येणारी थ्री-फोर्थ चड्डी दिली. २०२१ च्या डिसेंबरात बालुसेरीच्या उच्च माध्यमिक शाळेत मुलींसाठीही शर्ट-पँट आली, तेव्हा त्यावर खूप वाद झाला. वादात मी पडत नाही. पण शिवणारी म्हणून सांगते, स्कर्ट घातलेली मुलगी खो-खोला बसताना आधी स्कर्ट सावरते आणि मग बसते. पँट घातलेली नुसती बसते. एवढा फरक मैदानावर पडतो. आमच्याकडे काही शाळा मुलींना डिव्हायडर देतात, दिसायला स्कर्ट आणि आत दोन पाय. तो मधला मार्ग बरा आहे, फक्त त्याचं आसन, म्हणजे दोन पाय जुळतात तिथला भाग, खोल कापलं पाहिजे. उथळ कापलं तर सायकलवर टाके उसवतात.

तुमच्यासाठी सगळ्यांत सोपा हिशेब केंद्रीय विद्यालयाचा. त्यांचा जुना निळा-पांढरा गणवेश २०१२ च्या सुमारास बदलला, चौकडी आली, आणि ती वास्कोला तीच, विशाखापट्टणमला तीच. बदली झाली तरी कपडे बरोबर नेता येतात. नवोदय विद्यालयांचंही तसंच, पण ती निवासी आणि प्रवेश परीक्षेने. इथली अनुदानित शाळा घेतलीत तर गणवेश याच शाळेपुरता, असं धरून चाला आणि बेताने शिवा.

सगळ्यांना एकच गणवेश देऊन टाकावा, असंही लोक म्हणतात. महाराष्ट्राने सरकारी शाळांसाठी ते करून पाहिलं. कापड एका ठिकाणून घेतलं, बचत गटांच्या बायकांकडून शिवून घेतलं. २०२४-२५ च्या वर्षात कित्येक शाळांत गणवेश उशिरा पोचले, आले ते मापाचे नव्हते, आणि डिसेंबर २०२४ मध्ये काम पुन्हा शाळांच्या व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. शिवणाऱ्या बायकांचा यात काडीचाही दोष मला दिसत नाही. मूल समोर उभं न करता हजारो कपडे कापले की असंच होणार. दुसरीतली दोन मुलं एका वयाची, एका उंचीची असतात, पण एकाचं पोट पुढे आणि दुसऱ्याच्या बरगड्या मोजता येतात.

आता आपल्या हवेकडे येऊ, कारण गोव्यात गणवेशाची खरी परीक्षा तीच घेते. इथे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. जुलैत दोरीवरचा शर्ट दोन-दोन दिवस वाळत नाही. कापूस नुसत्या हवेतून स्वतःच्या वजनाच्या ८ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर-कापसाचं मिश्र कापड, घराघरांत शिरलं ते एवढ्यासाठीच. आईने रात्री धुतलं, पंख्याखाली टाकलं, सकाळी मूल घालून गेलं. पण तेच पॉलिएस्टर घामही शोषत नाही. एप्रिल-मे महिन्यात मानेखाली, काखेत पुरळ उठलेली मुलं माझ्याकडे माप द्यायला येतात.

आणि आता एप्रिलचा प्रश्न नुसता सुट्टीचा राहिलेला नाही. २०२५ पासून गोव्यात सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले. तुमची मुलगी सहावीत, म्हणजे तिला वरचं बटण लावून त्या उकाड्यात बसायचं आहे. म्हणून माझा आग्रह असा, शर्टाला कापूस जास्त असलेलं कापड घ्या आणि खालच्या कपड्याला पॉलिएस्टर-व्हिस्कोस. शर्ट अंगाला चिकटून असतो, त्याला घाम शोषायचा आहे. पँट-स्कर्टला चिखल सोसून लवकर वाळायचं आहे. दुकानदार सगळं एकाच ताक्यातलं सुती म्हणून सांगतो. कडेचे दोन धागे ओढून काडीने पेटवा. सुती धाग्याला कागद जळल्याचा वास येतो आणि मागे मऊ राख राहते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी बनतो. मिश्रण असेल तर राखेत बारीक खडे लागतात. मी गिऱ्हाइकासमोर हे करून दाखवते, पाच सेकंदांचं काम आहे.

जोड किती? समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतल्या आठवीपर्यंतच्या सगळ्या मुलींना, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलग्यांना, वर्षाला दोन जोडांसाठी ६०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. २०१८ पूर्वी ती ४०० होती. कोरड्या मुलखात दोन जोड पुरत असतील, कोकणपट्टीत पुरत नाहीत. एक अंगावर, एक दोरीवर, आणि तिसरा कोरडा कपाटात हवा. तिन्ही एकदम शिवू नका. दोन सुरुवातीला, तिसरा मापाने थोडा मोठा. तो गणेश चवथीनंतर मुख्य होतो. चवथीच्या सुट्टीनंतर माझ्याकडे दुरुस्तीची जी रांग लागते ती याच कारणाने. तीन महिन्यांत मूल वाढलेलं असतं आणि कपडा पावसाने थकलेला असतो.

पावसाळ्यात खळ मुळीच घालू नका. खळीवर बुरशी धरते, आणि कॉलरवर एकदा काळे ठिपके बसले की ते जात नाहीत. लोखंडी आकडा आणि धातूची चेन नको, गंजून पांढऱ्या कापडावर पिवळट डाग पडतो. मी प्लास्टिकचं बटण आणि नायलॉनची चेनच लावते. तांबड्या मातीचा चिखल उडाला तर ओला असताना चोळायचा नाही, चोळलात की आत मुरतो. वाळू द्या, ब्रशने झाडा, मग धुवा. राहिलेल्या डागावर लिंबू आणि मीठ लावून थोडा वेळ ठेवा. ब्लीच ओतू नका. ती लाली लोखंडाची असते, ब्लीचने ती उलट पक्की होते. डिचोली-साखळीच्या आयांना हे सांगावं लागत नाही. २०१२ ला खाणी थांबेपर्यंत खनिजाचे ट्रक घरापुढून जात, आणि तिथल्या मुलांचे पांढरे सदरे कधी पांढरे राहिलेच नाहीत. त्या भागातून माझ्याकडे यायचे ते पीटीचे पांढरे कपडे खांद्यापासून गुलाबी झालेले असत. पीटीसाठी पूर्ण पांढऱ्याऐवजी हाऊसच्या रंगाचा टी-शर्ट आणि गडद ट्रॅकपँट ठेवणाऱ्या शाळा शहाण्या, असं मला तेव्हापासून वाटतं.

तयार की शिवलेला? सोलापूरहून आणि इतर ठिकाणांहून तयार गणवेश येतात. त्यांतले काही खरंच चांगले असतात, शिलाई माझ्यापेक्षा सरळ असते. लहान मुलाच्या शर्टाला तयार माल घ्यायला माझी हरकत नाही. पण घेताना छाती बघू नका, तीरा, म्हणजे एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंतची रुंदी, बघा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर किंवा त्याच्या अर्धा इंच पुढे आली पाहिजे. छाती बाजूच्या शिवणीतून सैल करता येते, लांबी खालून सोडता येते, पण तीरा आणि मुंढा (बाही जोडतात तो भाग) कोणताही टेलर वाढवून देऊ शकत नाही. खांद्याला तोकडा झालेला शर्ट संपला.

मग कपडा उलटा करा. आत काय ठेवलंय त्यावर तो किती वर्षं जाणार ते ठरतं. मुलं या वयात वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर, म्हणजे दोन-अडीच इंच वाढतात, आणि त्यातला मोठा भाग पायांत जातो. तयार पँटच्या पायाला आत पाऊण इंच दुमड असते. मी तीन इंच ठेवते. बाजूच्या शिवणीत एक-एक इंच मार्जिन, पँटच्या मागच्या आसनाच्या शिवणीत दीड इंच. पिनोफोरला, म्हणजे शर्टावर घालायच्या बिनबाह्यांच्या फ्रॉकला, आणखी एक गोष्ट करते, ती बाबांनी शिकवलेली. बेल्ट जिथे बसतो तिथे आतून अर्ध्या इंचाची टक घालायची, लांब टाक्याने. बेल्टखाली ती दिसत नाही. मुलीचं धड लांबलं की कमरेची शिवण वर चढायला लागते. तेव्हा ती टक उसवली की शिवण पुन्हा कमरेवर येते. दहा मिनिटांचं काम आणि एक वर्ष मिळतं.

सत्तरी तालुक्यातून एक आई दर वर्षी यायची. मोठीचा पिनोफोर मधलीसाठी, मग मधलीचा धाकटीसाठी. तिसऱ्या खेपेला तो कपडा मी पाटावर पसरला तेव्हा खालच्या कडेला तीन रेघा होत्या, प्रत्येक रेघेच्या वरचं निळं थोडं फिकं, खालचं गडद. जिथवर दुमड आत होती तिथवर रंग उन्हाला लागलाच नव्हता. ती बाई हळूच म्हणाली, "रेघा जातील काय गो? पोरी हसतात हिला." व्हिनेगर पाण्यात मिसळून फडकं ओलं केलं, रेघेवर ठेवलं, वरून गरम इस्त्री दाबली. दोन रेघा जवळजवळ गेल्या. तिसरी रंगाचीच होती, ती जाणार नव्हती, म्हणून तिच्यावरून त्याच निळ्या रंगाची बारीक फीत फिरवली, मुद्दाम घातल्यासारखी दिसावी अशी. पुढच्या आठवड्यात त्याच वर्गातल्या आणखी दोघी तसलीच फीत लावून द्या म्हणून आल्या. त्या दिवसापासून मी प्रत्येक पिनोफोरला पहिल्याच वर्षी ती फीत लावते. जादा पैसे घेत नाही.

स्कर्टच्या चुण्यांकडेही नीट बघा. पूर्ण चुणीला कमरेच्या तिप्पट कापड लागतं. तुमच्या मुलीची कंबर २४ इंच धरली तर घेर ७२ इंच हवा. कापड वाचवायचं असेल तर चुण्या उथळ घेतात, दुप्पटीतच भागवतात. दुकानात टांगलेला असताना दोन्ही सारखेच दिसतात. एक चुणी बोटांनी उघडा. आतलं दुमडलेलं कापड शेजारच्या चुणीपर्यंत पोचलं पाहिजे. अर्ध्यात संपलं तर कदंबाच्या, म्हणजे इथल्या सरकारी, बसची पायरी चढताना स्कर्ट गुडघ्यावर ताणला जाईल, आणि मुलगी दिवसभर तो खाली ओढत राहील.

एक गाऱ्हाणं मांडल्याशिवाय राहवत नाही. काही वर्षांपूर्वी इथल्या एका शाळेने मे महिन्याच्या अखेरीस चौकडी बदलली. कारण कुणी सांगितलं नाही. नवं कापड एकाच दुकानात मिळणार, असं पालकांना कळवलं. माझ्याकडे जुन्या चौकडीचे चाळीसेक शर्ट शिवून तयार होते. माझं नुकसान झालं ते झालं. पण ज्या आयांनी आधीच पैसे भरले होते, त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना. एक जण तर मोलकरणीचं काम करून दोन मुलांचे पैसे हप्त्याने देत होती. शाळांनी गणवेश जरूर बदलावा, पण एक वर्ष आधी सांगून आणि जुना अंगावर फाटेपर्यंत चालवून घेऊन. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत तुम्हीही एवढं विचारा, की रंग आणि कापडाचा नमुना शाळा सगळ्यांना देते का, की दुकानाचं नाव देते. नमुना मिळाला तर बाहेरून घेता येतं. खिशावरचं बोधचिन्ह तेवढं शाळेतून घ्या आणि कच्च्या टाक्याने लावून घ्या, म्हणजे शर्ट बदलला तरी तेच पुन्हा वापरता येतं.

टाय आणि बंद कॉलरबद्दलही बोला. गोव्याच्या दमट हवेत टाय रोज लागावा असं मला वाटत नाही. सोमवारच्या प्रार्थनेपुरता ठेवा. पावसात काळ्या चामडी बुटांऐवजी सँडल चालतात का, हे प्रवेश घेतानाच विचारून घ्या. बऱ्याच शाळा चालवतात, आणि ओल्या मोज्यात दिवस काढणाऱ्या मुलाच्या पायाला चिखल्या होतातच. सरकारी प्राथमिक शाळांत मुलांना गणवेशाबरोबर रेनकोटही मिळतो. तुम्ही बाहेरून घेणार असाल तर दप्तरासकट अंगावर बसेल एवढा घेराचा घ्या.

शिवायचंच ठरवलंत तर पूर्वी मे हा आमचा हंगाम होता, आता सहावीपासून पुढच्यांसाठी तो मार्चमध्ये आला आहे. फेब्रुवारीच्या शेवटी माप द्या. मुलांना बरोबर न्या, जुना शर्ट माप म्हणून पाठवू नका. मुलाला शाळेचे बूट घालून उभं करा, पँटची लांबी बुटावर घेतात. आसनाचं माप मात्र खुर्चीवर बसवून घ्यायला सांगा. मुलीला जमिनीवर गुडघे टेकवून बसवा, स्कर्टची कड जमिनीला टेकली पाहिजे. आणि टेलरने कात्री लावण्याआधी सुती कापड एक रात्र पाण्यात बुडवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायला विसरू नका. न भिजवता कापलेला शर्ट पहिल्या धुण्यातच बाहीला पाऊण इंच आटतो.